कोरी नोट आणि मळकी नोट : अशांत काळातील कागदी चलनाच्या संग्रहाची चिकित्सा

१

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या सुमारे १३,००० नाण्यांचा निधी सापडला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. परंतु त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठविलेला होता. नहपानाचा पराभव आणि सातवाहन सत्तेचे पुनरुत्थान यांचा जो बळकट पुरावा इतिहासाला लाभला, तो या दुसऱ्या ठशामुळे लाभला. केवळ स्वच्छ, रेखीव आणि मूळ मुद्रा शाबूत असलेली नाणी तेवढी निवडून उरलेली आटविली गेली असती, तर संग्रह देखणा झाला असता आणि इतिहास मुका राहिला असता. धातूच्या नाण्यांच्या अभ्यासात हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. निधी सापडला तर तो अखंड नोंदवावा, झिजलेले व छिन्नमुद्रित नाणेही टाकून देऊ नये, असा नाणकशास्त्राचा दंडक आहे.

कागदी चलनाच्या बाबतीत मात्र हा दंडक अद्याप रुजलेला दिसत नाही. युद्ध, परचक्र, फाळणी, क्रांती किंवा राज्यव्यवस्थेची मोडतोड अशा काळात निघालेल्या नोटांचा संग्रह आज जगभर केला जातो. त्यांच्या सूची तयार झाल्या आहेत, लिलाव होतात आणि किंमती ठरतात. या सर्व व्यवहाराच्या मुळाशी एकच कसोटी आहे : नोट जितकी कोरी तितकी ती श्रेष्ठ. ही कसोटी बाजारासाठी सोयीची असली तरी अशांत काळातील चलनाच्या अभ्यासाला ती पोषक आहे की मारक, याचा विचार या निबंधात केला आहे.

२

प्रथम या कसोटीचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी गुणश्रेणी मांडली. तीच श्रेणी पुढे कागदी नोटांनाही लावण्यात आली. नोट तपासून तिला अंक द्यावयाचा आणि प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटात ती कायमची बंद करावयाची, असा धंदाच आता उभा राहिला आहे. मधोमध एक घडी पडली की गुण उतरतात. कोपरा दुमडला, शाईची रेघ उठली, टाचणीचे भोक पडले की आणखी उतरतात. गुण वाढावेत म्हणून नोटा धुणे, दाबून घड्या मोडणे, पेन्सिलीची अक्षरे खोडणे हे प्रकारही सर्रास घडतात. ऐतिहासिक कागदपत्रांच्या बाबतीत ज्या कृतीला कोणीही पुरावा नष्ट करणे म्हणेल, तिला येथे केवळ सफाई समजले जाते.

दुसरे साधन म्हणजे सूची. जर्मन अभ्यासक आल्बर्ट पिक यांनी जगातील कागदी चलनाची जी क्रमवार मांडणी केली, तिच्यामुळे या विषयाला प्रथमच शिस्त लाभली. आजही संग्राहक नोटेची ओळख 'पिक क्रमांका'ने पटवितात, आणि हे ऋण मान्य करणे उचित आहे. तथापि अशा सूचीची मांडणी देश, नोट काढणारी सत्ता, दर्शनी किंमत, तारीख आणि सही या क्रमाने होते, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. ही सर्व माहिती नोट छापखान्यातून बाहेर पडेपर्यंतची आहे. त्यानंतर ती कोणाच्या हाती गेली, तिने काय विकत घेतले, कोणी ती नाकारली, कोणी लपविली आणि ती केव्हा निरर्थक झाली, यांपैकी कशालाही सूचीत रकाना नाही. म्हणजे सूची ही सत्तेच्या बाजूने लिहिलेली वही आहे. शांततेच्या काळात यामुळे फारसे बिघडत नाही, कारण तेव्हा सत्ता जे सांगते आणि लोक जे मानतात यांत मोठे अंतर नसते. अशांत काळात नेमके तेच अंतर अभ्यासाचा विषय असते.

३

संग्राहकाच्या आवडीचा चलनावर काय परिणाम होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीत सापडते. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच तेथील नाणी व्यवहारातून नाहीशी होऊ लागली. लोकांनी चांदी दडवून ठेवली आणि पुढे हलक्या धातूंची गरजही युद्धालाच भासू लागली. तेव्हा नगरपालिका, जिल्हे आणि कारखाने यांनी स्वतःच्या लहान रकमेच्या नोटा काढल्या. 'नोटगेल्ड', म्हणजे अडचणीच्या वेळचा पैसा, असे त्यांना नाव पडले. प्रारंभी हा व्यवहार खऱ्या गरजेतून उद्भवला होता. परंतु लोक या नोटा जमवितात हे ध्यानात येताच त्याचे स्वरूप पालटले. १९२१-२२ च्या सुमारास अनेक गावांनी रंगीत चित्रांच्या, क्रमाने जमवावयाच्या मालिका काढल्या. हामेलन नगराने आपल्या नोटांवर उंदरांना भुलवून नेणाऱ्या बासरीवाल्याची लोककथा चितारली. बीलेफेल्ड येथील बचत बँकेने तर रेशमी आणि लिनन कापडावर नोटा छापल्या.

यामागील अर्थशास्त्र सरळ आहे. नोट हे देणे असते. ती परत आणणाऱ्याला तितकी रक्कम देण्यास काढणारा बांधलेला असतो. संग्राहक ती परत आणीत नाही. तो पैसे देऊन कागद घेतो आणि वहीत चिकटवितो. त्यामुळे प्रत्येक जमविलेली नोट म्हणजे नगरपालिकेला माफ झालेले कर्ज ठरले. अखेर १९२२ साली जर्मन सरकारला या प्रकारावर बंदी घालावी लागली. आज या चित्रमालिका विपुल, कोऱ्या आणि स्वस्त मिळतात. मात्र त्यांच्यावरून जर्मन जनतेच्या हालाखीचे चित्र रेखाटणारा अभ्यासक फसतो. त्या चलनाच्या नव्हे तर छंदाच्या इतिहासाची साधने आहेत. त्यांचे कोरेपण हाच या गोष्टीचा पुरावा आहे, परंतु गुणश्रेणीच्या दृष्टीने तेच त्यांचे भूषण ठरते.

यानंतर अवघ्या वर्षभरात आलेली चलनवाढ याच्या नेमकी उलट बाजू दाखविते. १९१४ साली एका डॉलरला ४.२ मार्क पडत. २० नोव्हेंबर १९२३ रोजी ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. राइशबँकेला स्वतःचा छापखाना पुरेना, म्हणून शंभराहून अधिक खाजगी छापखाने कामाला लावण्यात आले. १५ डिसेंबर १९२२ ही तारीख असलेल्या १,००० मार्कांच्या नोटेवर तांबड्या शाईत शंभर कोटी मार्कांची किंमत छापून तीच पुन्हा चलनात आणली गेली. वेळ आणि खर्च वाचावा म्हणून अनेक नोटांची मागची बाजू कोरीच ठेवली जाई. नोटेची किंमत शून्यावर आल्यावर याच कोऱ्या बाजूचा उपयोग राजकीय प्रचारासाठी झाला. तिच्यावर ज्यूविरोधी मजकूर छापून त्या पत्रकांसारख्या वाटल्या गेल्या. येथे जोगळटेंभीच्या नाण्यांची आठवण होणे साहजिक आहे. एका सत्तेच्या मुद्रेवर दुसऱ्या शक्तीने आपला ठसा उमटविला, आणि पुढे कोणते संकट येणार याची खूण त्या स्वस्त कागदावर राहून गेली. अशा नोटेची 'मूळ नोट, मागे नंतरचा मजकूर, म्हणून कमी प्रतीची' एवढीच नोंद करणे म्हणजे ठसा पाहून त्याचा अर्थ वाचण्याचे नाकारणे होय.

४

कोरेपणा हा नेहमीच दोष असतो असे मात्र नाही. तो वाचता आला पाहिजे, एवढेच येथे प्रतिपादन आहे. याचे सर्वांत दारुण उदाहरण टेरेझीन येथील नोटांचे आहे. नाझींनी व्यापलेल्या चेक प्रदेशातील या गावात १९४१ च्या अखेरीस ज्यूंसाठी बंदिस्त वस्ती उभारण्यात आली. तेथे वापरण्यासाठी १ ते १०० क्रोनपर्यंतच्या सात किंमतींच्या नोटा छापण्यात आल्या. त्यांच्यावर १ जानेवारी १९४३ ही तारीख, हातात आज्ञापट घेतलेल्या मोझेसचे चित्र आणि वस्तीचे ज्यू प्रमुख याकोब एडेलश्टाइन यांची सही आहे. चित्राचे रेखाटन तेथेच बंदी असलेल्या पेटर कीन या तरुण चित्रकाराने केले होते. वस्तीत 'बँक' होती, हिशेबाची पुस्तके होती आणि वेतनाचे कोष्टकही होते. पण विकत घेण्याजोगे जवळजवळ काहीच नव्हते. वस्तीचा कारभार सुरळीत चालला आहे असे बाहेरच्या जगाला भासविण्याच्या देखाव्याचा हा एक भाग होता. २३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या प्रतिनिधींना हा देखावा दाखविण्यात आला. ज्यांची सही प्रत्येक नोटेवर आहे त्या एडेलश्टाइन यांना त्याच्या तीनच दिवस आधी, २० जून रोजी, आउशविट्झ येथे ठार करण्यात आले होते. कीन यांचाही अंत त्याच वर्षी तेथेच झाला.

या नोटा आज मोठ्या संख्येने, घडीदेखील न पडलेल्या अवस्थेत मिळतात. इतर कोणत्याही नोटेबाबत संग्राहक याला भाग्य म्हणतो. येथे मात्र हे कोरेपणच आरोपपत्र आहे. जे चलन हजारो माणसांच्या वस्तीसाठी निघाले ते हातांतून फिरले नाही, याचा अर्थ ते चलन नव्हतेच. या नोटेला ६५ किंवा ६६ गुण देऊन पाकिटात बंद करणाऱ्याने तिची अवस्था अचूक सांगितली, परंतु त्या अवस्थेचा अर्थ सांगितला नाही.

याच महायुद्धात पूर्वेकडे दुसरा प्रकार घडला. जपानने व्यापलेल्या प्रदेशांत स्वतःच्या शासनाच्या नावाने नोटा काढल्या. ब्रह्मदेशासाठी रुपये, मलायासाठी डॉलर, फिलिपिन्ससाठी पेसो अशी त्यांची वाटणी होती, आणि प्रदेश ओळखण्यासाठी इंग्रजी 'बी', 'एम', 'पी' ही अक्षरे योजलेली होती. मलायातील १० डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड असल्याने लोक तिला केळीचा पैसा म्हणत. आरंभीच्या काही नोटांवर अनुक्रमांक होते. पुढे ते गेले आणि नुसती अक्षरे उरली. ही गोष्ट सूचीत दोन वेगळ्या प्रकारांच्या रूपाने नोंदविली जाते. वास्तविक तिचा अर्थ असा की, किती नोटा काढल्या याचा हिशेब नोटेवर दाखविण्याचीही गरज काढणाऱ्याला वाटेनाशी झाली होती. १९४५ साली ब्रिटिश सत्ता परत येताच मलायात व ब्रह्मदेशात हा कागद निरुपयोगी ठरला, आणि ज्यांची साठवण त्याच्यात होती त्यांचे सर्वस्व बुडाले.

फिलिपिन्समध्ये त्याच वेळी आणखी एक चलन चालू होते. जपानी सत्तेला न जुमानणाऱ्या प्रांतांनी आणि सैन्यगटांनी मिळेल त्या कागदावर स्वतःच्या नोटा छापल्या. अशी नोट जवळ बाळगणे जपानी अंमलात अपराध ठरे. साहजिकच त्या ओबडधोबड, डागाळलेल्या आणि अनेक घड्यांच्या स्थितीत सापडतात. एकाच बेटावर एका बाजूला सुबक पण अविश्वसनीय कागद आणि दुसऱ्या बाजूला गबाळा पण विश्वासाचा कागद, अशी ही स्थिती होती. गुणांच्या तराजूत पहिला कागद वरचढ ठरतो. लोकांनी मात्र जीव धोक्यात घालून दुसरा जपला.

युद्धानंतर फिलिपिन्समध्येच १९५३ साली जपानी युद्धनोटांच्या दावेदारांची एक संघटना स्थापन झाली. हाती उरलेल्या नोटांची भरपाई मिळावी म्हणून तिने प्रयत्न केले, आणि दाव्यात दाखल झालेल्या नोटांवर तिचा शिक्का मारला गेला. भरपाई मिळाली नाही, शिक्के राहिले. बाजाराच्या भाषेत ही 'शिक्का मारलेली सामान्य नोट' आहे. इतिहासाच्या भाषेत तो नागरिकाने पराभूत सत्तेच्या कागदावर लिहिलेला अर्ज आहे. कोऱ्या नोटेवर जपानी शासनाचे वचन तेवढे दिसते. या नोटेवर ते वचन, त्याचा भंग आणि त्या भंगाविरुद्धची तक्रार ही तिन्ही दिसतात.

५

वरील विवेचनावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. कोऱ्या नोटेवाचून जलचिन्ह, शाई, कोरीवकाम, अक्षरांची घडण आणि छपाईची तंत्रे यांचा अभ्यास होणार नाही. शिवाय ज्या नोटा सरकारांनी जाळावयास सांगितल्या त्या संग्राहकांनीच वाचविल्या. हा आक्षेप खरा आहे. छंद म्हणून जपलेल्या वह्या नसत्या तर या निबंधातील बहुतेक साधने आज उपलब्धच नसती. म्हणून प्रश्न कोरी नोट जमवावी की नाही हा नाही. एकाच मापाने सर्व नोटा मोजाव्यात काय आणि त्या मापात न बसणाऱ्या नोटा नाहीशा होऊ द्याव्यात काय, हा आहे.

या प्रश्नाची महाराष्ट्राशी निगडित बाजूही आहे. फाळणीनंतर काही काळ भारत आणि पाकिस्तान यांची चलनव्यवस्था एकत्रच होती आणि रिझर्व्ह बँक ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. त्या अवधीत सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या भारतीय नोटांवर इंग्रजीत 'गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान' आणि उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' अशी अक्षरे उमटविण्यात आली. या नोटा नाशिकच्या मुद्रणालयात छापल्या गेल्या. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर सही होती ती तत्कालीन गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची. नव्या राष्ट्राचे नाव, जुन्या साम्राज्याचा राजा, नाशिकची छपाई आणि एका महाराष्ट्रीय अर्थतज्ज्ञाची सही एवढ्या गोष्टी एका कागदावर एकत्र येण्याचे हे उदाहरण असाधारण आहे.

या नोटा कायदेशीर चलन म्हणून पाकिस्तानातच चालावयाच्या होत्या. म्हणून अशी एखादी नोट भारतातील कुटुंबाच्या पेटीत आढळली तर ती केव्हा, कोणाबरोबर आणि कशासाठी सीमा ओलांडून आली, हा पहिला प्रश्न असतो. घडी कशी पडली आहे, ती एकटी होती की इतर नोटांच्या पुडक्यात होती, तिच्यावर काही लिहिलेले आहे काय, टाचणीचे भोक आहे काय, यांवरून उत्तर निघण्याचा संभव असतो. भारतात बँका नोटांची पुडकी तारेच्या टाचण्यांनी बांधीत. त्यामुळे अगदी न वापरलेल्या जुन्या भारतीय नोटेलाही भोके असतात. परदेशी गुणश्रेणीत ती उणीव मानली जाते. इकडच्या अभ्यासकाला मात्र त्यातून नोट बँकेच्या पुडक्यातून गेल्याचे कळते. व्यापारी नोट विकत घेतो तेव्हा यांपैकी एकही गोष्ट विचारीत नाही. आणि नोट एकदा पेटीतून अल्बममध्ये गेली की ती विचारण्याची वेळ निघून गेलेली असते.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक नोटेबरोबर सापडण्याचे ठिकाण, बाळगणाऱ्या कुटुंबाचा व्यवसाय व स्थलांतर, सोबतच्या वस्तू, घड्या, डाग, शिक्के आणि हस्ताक्षर यांची नोंद ठेवावी. पुडके सापडले तर ते फोडण्यापूर्वी आतील क्रम लिहून घ्यावा. नोट धुऊ नये आणि दाबू नये. गुणांक द्यावयाचाच असेल तर ही नोंद झाल्यानंतर द्यावा. जोगळटेंभीचा निधी ज्या काळजीने पाहिला जातो तीच काळजी येथे अभिप्रेत आहे.

६

या गोष्टीची निकड केवळ जुन्या साधनांपुरती मर्यादित नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी भारतात ५०० आणि १,००० रुपयांच्या तत्कालीन नोटांचे चलन रद्द झाले. त्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नोटा बँकांकडे परत आल्या, आणि यंत्राने त्यांचे तुकडे करून त्या नष्ट करण्यात आल्या. मागाहून २०१७ च्या अधिनियमाने अशा नोटा बाळगण्यावर मर्यादा घातली. कोणाही व्यक्तीला सर्व मिळून १० पर्यंत, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठी २५ पर्यंत नोटा ठेवता येतात. त्याहून अधिक ठेवल्यास दंड आहे. संशोधकाने किती पुरावा बाळगावा हे कायद्याने अंकात सांगितल्याचे हे विलक्षण उदाहरण होय.

तेव्हा या २५ नोटा कोणत्या, हा प्रश्न प्रत्येक संग्राहकापुढे आणि प्रत्येक संस्थेपुढे आहे. बाजाराची कसोटी पाळली तर त्या २५ ही कोऱ्या करकरीत असतील, काहींच्या अनुक्रमांकात ७८६ असेल, आणि सर्व एकाच साच्यातून निघालेल्या दिसतील. स्वयंपाकघरातील डब्यात राहून गेलेली तेलकट नोट, मृताच्या कपड्यांत मागाहून सापडलेली नोट, वहीत लपविलेली आणि मुदतीनंतर हाती आलेली नोट यांना त्यांत जागा मिळणार नाही. त्या वर्षी घराघरांत काय घडले हे मात्र याच नोटा सांगू शकतात. त्या सांभाळणारी माणसे आज हयात आहेत आणि विचारले तर सांगण्यासही तयार होतील. विचारण्याचे काम संग्राहकाने आणि अभ्यासकाने अंगावर घेतले पाहिजे. ते न झाल्यास पुढील पिढीच्या हाती त्या काळाची उत्तम अवस्थेतील नोट पडेल, परंतु त्या काळाविषयी ती नोट काहीही सांगणार नाही.